संगणकाचा कोरडा दिवस

पावसाळ्यात डेंग्यूची साथ डोके वर काढू लागली की आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन करतो. त्या दिवशी पिंपे, हंडे आणि कूलर रिकामे करून, आतून घासून कोरडे ठेवायचे असतात, कारण एडिस डासाच्या अंड्यातून उडता डास तयार होण्यास साधारणपणे ८ ते १० दिवस लागतात आणि आठवड्यातून एकदा पाणी ओतून दिले की ती साखळी मध्येच तुटते. पिंप ज्याचे, ताप त्यालाच, असे मात्र कधी नसते, आणि म्हणूनच हा नियम आरोग्याइतकाच नीतीचाही आहे. घरच्या संगणकाची अँटिव्हायरसकडून नियमाने करवून घ्यायची तपासणी, म्हणजेच स्कॅन, ही बहुतेक घरांत खासगी सोयीची बाब मानली जाते. वास्तविक ती पिंप रिकामे करण्याच्या जातीचे कर्तव्य आहे.

मालकाच्या नकळत संगणकात शिरून त्याच्या अहितासाठी काम करणाऱ्या सर्व प्रोग्रॅमना मालवेअर म्हणतात. त्यांपैकी व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो, तर वर्म कोणाच्या आधारावाचून नेटवर्कमधून पुढे सरकतो. ‘आमच्या संगणकात चोरण्याजोगे आहे तरी काय?’ हा प्रश्न अनेक घरांतून प्रामाणिकपणे विचारला जातो. परंतु हल्लेखोराला पुष्कळदा घरातली फाइल नको असते, त्याला ते यंत्रच हवे असते. अशी हजारो यंत्रे दुरून एकाच्या हुकमाने चालू लागली की त्या जाळ्याला बॉटनेट म्हणतात आणि त्याच्याकडून नकोशा मेलचा मारा करणे, एखादे संकेतस्थळ एकाच वेळी असंख्य विनंत्या धाडून बंद पाडणे, अशी कामे करून घेतली जातात. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये आढळलेला कॉन्फिकर हा वर्म विंडोजमधील ज्या दोषातून शिरत असे, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबरमध्येच उपलब्ध करून दिली होती. तरीही लाखो संगणक त्याच्या ताब्यात गेले, कारण ती दुरुस्ती त्यांवर बसवलेलीच नव्हती. त्याच्या पुढच्या आवृत्त्या पेन ड्राइव्हमधूनही पसरल्या आणि शिरताच अँटिव्हायरस कंपन्यांच्या संकेतस्थळांची वाट अडवू लागल्या, जणू रोग्याला वैद्याच्या दारापर्यंत पोहोचूच द्यायचे नाही. मालकाला यातले बरेचदा काहीच जाणवत नसे. त्याचे यंत्र चालत राही आणि संसर्ग पुढच्या घरी जाई.

स्कॅनची मांडणी अवघड नाही, तिला लक्ष मात्र लागते. फाइल उघडताक्षणी तिच्यावर नजर ठेवणारे सततचे संरक्षण ही पहिली पायरी. मालवेअर ज्या जागी सहसा दडते तेवढ्याच जागा पाहणारा क्विक स्कॅन ही दुसरी. आणि संपूर्ण डिस्क चाळणारा, म्हणून कित्येक तास घेणारा, फुल स्कॅन ही तिसरी. या तपासण्यांचे वेळापत्रक ठरवताना यंत्र प्रत्यक्षात केव्हा सुरू असते हे पाहावे लागते. रात्री दोनची वेळ लावून दहालाच संगणक बंद करणाऱ्या घरात स्कॅन कागदोपत्रीच राहू शकतो. ज्ञात मालवेअरच्या ओळखखुणांची यादी रोज ताजी झाली नाही तर पहारेकरी जुनीच छायाचित्रे हाती घेऊन उभा राहतो. संशयित फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे विलगीकरणात, ठेवली जाते, कारण कधी निरपराध फाइलही पकडली जाते आणि ती परत मिळवण्याची सोय असावी लागते. खर्चाची सबब येथे टिकत नाही: विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो, आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र बॉट, म्हणजे यंत्र दुसऱ्याच्या हुकमाने चालवणारे प्रोग्रॅम, काढून टाकणारी साधने मोफत देते. स्वच्छता हा शब्द त्या केंद्राच्या नावात फार योग्य जागी आला आहे.

संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच सिद्ध केले की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल असा प्रोग्रॅम तत्त्वतः लिहिताच येत नाही. त्यामुळे ‘काहीही सापडले नाही’ हा निकाल निर्दोषत्वाचा दाखला नसतो, आणि तो मिळाला म्हणून अनोळखी मेलमधली फाइल बिनधास्त उघडण्याची मोकळीकही मिळत नाही.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे पहारेकऱ्याला घरच्याच माणसाने झोपवणे. महागडे सॉफ्टवेअर फुकट वापरण्यासाठी त्याचे कुलूप तोडणारी जी फाइल, क्रॅक या नावाने, मिळवली जाते तिच्यासोबत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना हमखास असते आणि ती निमूटपणे पाळली जाते. यात दोन अपराध एकत्र घडतात. पहिला, कोणाच्या तरी श्रमाचे मोल बुडवण्याचा, निदान चर्चेत तरी येतो. दुसऱ्या अपराधाचा विचारही होत नाही, आणि तो अधिक वाईट आहे, कारण त्याच संगणकावर वडील पेन्शनचे खाते पाहत असतात, आई बँकेचा पासवर्ड टाकत असते, आणि त्यांना न विचारता त्यांच्या दाराची कडी काढलेली असते.

झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी नेलेला पेन ड्राइव्ह दिवसभरात अनेकांचे पेन ड्राइव्ह लागलेल्या एकाच यंत्राला जोडला जातो आणि घरी परततो. फाइल एक्सप्लोररमध्ये त्या ड्राइव्हवर उजवी कळ दाबून स्कॅनचा पर्याय निवडण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. ती तपासणी घरी आणल्यावर होते तशी दुकानात नेण्यापूर्वीही व्हावी, कारण त्या यंत्राला पुढचा पेन ड्राइव्ह बहुधा परीक्षेचा अर्ज छापायला आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचा लागणार असतो.