मोजपट्टी आणि अधिकार

पौष अमावास्येला केसलापूर येथे नागोबाची यात्रा भरते, आणि इंद्रवेल्ली मंडळातील हे एरवी शांत असणारे गाव काही दिवस केवळ आदिलाबाद जिल्ह्याच्याच नव्हे, तर 1956 पर्यंत याच जिल्ह्याच्या अंमलाखाली असलेल्या किनवटाकडील गोंड-परधानांच्याही श्रद्धेचे केंद्र होऊन बसते. मेसराम कुळातील मंडळी पायी चालत जाऊन गोदावरीचे जल आणतात, त्या जलाने देवाचा अभिषेक होतो, आणि देवळाबाहेरच्या मैदानावर मिठाईची, बांगड्यांची, भांड्यांची दुकाने मांडली जाऊन त्यांच्या डोक्यावरून आकाशपाळणे फिरू लागतात. या पाळण्यांच्या पायथ्याशी दिवसभर एक लहानसा न्यायनिवाडा चाललेला असतो. मुठीत पैसे घट्ट धरून आलेल्या पोराला पाळणेवाला एकवार आपादमस्तक न्याहाळतो आणि कुणाला आत घेतो, कुणाला हाताने मागे सारतो. हैदराबादेतील मोठ्या करमणूक-उद्यानांत हेच काम फाटकापाशी रोवलेली, सेंटिमीटरचे आकडे रंगवलेली मोजपट्टी करते. आणि तिचा हुकूम पाळणेवाल्याच्या नजरेपेक्षा अधिक निःपक्षपाती व म्हणूनच अधिक निष्ठुर वाटतो.

विषय क्षुल्लक भासेल. परंतु एका जीवाने दुसऱ्या जीवाला ‘तू अजून यास पात्र नाहीस’ असे सांगावे, हा व्यवहार धर्मचिंतनात क्षुल्लक कधीच मानला गेलेला नाही; किंबहुना देवळाचा उंबरठा, वेदाची शाळा आणि संन्याशाचा मठ यांचा निम्मा इतिहास याच एका वाक्याभोवती घडलेला आहे. म्हणून हा निषेध कोणत्या अटींवर धर्म्य ठरतो आणि कोणत्या क्षणी तो अधर्म होतो, याचा विचार त्या फाटकापासूनच आरंभला तर वावगे होणार नाही.

प्रथम त्या मोजपट्टीची बाजू ऐकून घेतली पाहिजे. नवजात अर्भकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे चतुर्थांश असते, तर प्रौढाचे सुमारे अष्टमांश; अर्थात बालकाच्या देहाचा भार वरच्या अंगाला अधिक असतो, आणि वेगाने वळणाऱ्या आसनात तो प्रथम तोल सोडतो. मांडीवर उतरणारा आडवा दांडा प्रौढाच्या कटिप्रदेशाला जखडून धरतो. लहान मुलाच्या पोटापाशी मात्र तो सैल राहतो आणि खालून निसटून जाण्यास वाट देतो. पाय तळाला टेकत नाहीत, त्यामुळे अंग सावरता येत नाही. खांद्यावरचा पट्टा गळ्याशी येतो. आसन घडवणाऱ्या कारागिराने एका विशिष्ट प्रमाणाचा देह गृहीत धरलेला असतो, आणि मोजपट्टी इतकेच सांगते की समोरचा देह अजून त्या प्रमाणात आलेला नाही. तिचे सांगणे परिपूर्ण नसते. 2022 साली अमेरिकेतील ऑर्लँडो शहरी एका उत्तुंग मनोऱ्यावरून वेगाने खाली येणाऱ्या आसनातून निसटून 14 वर्षांचा एक मुलगा मरण पावला; त्याची उंची उणी नव्हती, त्याचा देह त्या आसनाच्या मर्यादेहून फार भारी होता. उंची हे योग्यतेचे एक बाह्य चिन्ह आहे, योग्यता नव्हे, हा भेद विसरला की मोजणारा निश्चिंत होतो आणि अनर्थ ओढवतो.

तथापि फाटकापाशी आईबापांचा जो नेहमीचा अर्ज असतो, की ‘आम्ही त्याला मांडीवर धरून बसतो’, त्याच्या अव्हेरामध्येच या प्रश्नाचे मर्म दडलेले आहे. ज्या वळणावर देहाला गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट बलाचा प्रत्यय येतो, तेथे 15 किलो वजनाचे मूल आईच्या बाहूंना 45 किलोचे होते. वात्सल्य कितीही अथांग असले तरी स्नायूंना ही वाढ पेलवत नाही. मातेच्या प्रेमाने भरून न निघणारी उणीव जगात फार थोड्या ठिकाणी असते, आणि हे त्यांपैकी एक ठिकाण आहे. याच्या उलट गोदावरीकाठच्या बासरला जाऊन पाहावे. 2016 च्या पुनर्रचनेपूर्वी हे क्षेत्र आदिलाबाद जिल्ह्यातच होते. तेथे सरस्वतीपुढे कोवळ्या मुलांचा अक्षराभ्यास होतो. ज्याला बोटात धड काही धरताही येत नाही असे मूल बापाच्या मांडीवर बसते, बाप त्याचा हात आपल्या हाती घेतो, आणि त्या उसन्या हाताने पहिले अक्षर उमटते. विद्येच्या दारी कुणी उंची विचारीत नाही, कारण तेथील उणीव दुसऱ्याच्या हाताने भरून निघते. माझ्या मते निषेधाच्या धर्म्यतेची पहिली कसोटी हीच होय: जेथे कुणाचाही हात उणीव भरून काढू शकत नाही तेथेच थांबवावे; जेथे हात देता येतो तेथे थांबवणे हा केवळ हात आखडता घेण्याचा प्रतिष्ठित प्रकार असतो.

या कसोटीवर आपल्या परंपरेतील अधिकारविचार घासून पाहिला म्हणजे त्यातील सोने आणि हीण वेगवेगळे दिसू लागते. ब्रह्मजिज्ञासेचा अधिकारी कोण, याचे उत्तर देताना आचार्यांनी नित्यानित्यविवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मुमुक्षुत्व अशी साधने सांगितली. ती सर्व मिळवता येण्याजोगी, आणि कोणत्याही पट्टीने न मोजता येणारी आहेत. कठोपनिषदातील यमाने दारी तीन रात्री उपाशी राहिलेल्या कुमार नचिकेत्याचे वय विचारले नाही. त्याने पुत्रपौत्र, हत्ती, सुवर्ण, दीर्घायुष्य यांचे आमिष पुढे ठेवले, आणि ते परत आलेले पाहून मृत्यूचे गूढ त्याला सांगितले. परंतु त्याच वेदान्तदर्शनाच्या अपशूद्राधिकरणात जन्माची भिंत पुन्हा उभी राहिली. गृह्यसूत्रकारांनी उपनयनासाठी ब्राह्मणास आठवे, क्षत्रियास अकरावे आणि वैश्यास बारावे वर्ष नेमून दिले, म्हणजे एकाच वयाच्या तीन बालकांसाठी तीन मोजपट्ट्या रोवल्या. आणि त्या तिहींच्या बाहेरच्या बालकासाठी मोजपट्टीच ठेवली नाही, कारण त्याने कितीही वाढावे तरी त्याला आत घ्यावयाचे नव्हते.

फाटकातून मागे फिरवलेले मूल रडते, पण त्याच्या रडण्यात दोन वर्षांनी परत येण्याची सोय असते. काल त्याच्या पक्षाचा असतो. अस्पृश्य म्हणून देवळाबाहेर ठेवलेल्या संत चोखोबांच्या बाबतीत काल कुणाच्याच पक्षाचा नव्हता. 1338 साली त्यांचा अंत झाला, पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली, आणि त्यांच्या बांधवांना ते द्वार मोकळे होण्यास 1947 साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यानंतर. सहा शतके वाढूनही जी उंची पुरी पडत नाही ती उंचीच नव्हे. शिवाय ईश्वराच्या सान्निध्यात देह निसटून पडण्याचे भय कुणाला आहे? तेथे तर धरणारा हात त्याचाच, आणि त्याच्या बाहूंचे बळ अपुरे पडते असे कोणत्याही आस्तिकाने आजवर म्हटलेले नाही. देवळाच्या दारी केलेला निषेध म्हणूनच दुहेरी अपराध ठरतो: तो माणसाचा अपमान करतो, आणि देवाच्या सामर्थ्यावर अविश्वास दाखवतो.

येथवर मोजपट्टी निर्दोष ठरली असे वाटेल. ती जन्म विचारीत नाही, जात विचारीत नाही, श्रीमंताच्या मुलासाठी वाकत नाही. पण आदिलाबादच्या भूमीवर उभे राहून हा निकाल इतक्या सुखासुखी देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढमानांनुसार मध्यम वाढीचा मुलगा सातव्या वर्षाच्या सुमारास 120 सेंटिमीटर होतो. ज्याची वाढ खुंटली आहे त्याला ती उंची गाठण्यास नववे वर्ष उलटावे लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील खुंटलेल्या बालकांचे प्रमाण भारतात 35.5 टक्के आणि तेलंगणात 33.1 टक्के आढळले. याचा अर्थ असा की पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि निरोगी माता लाभलेले शहरातील सात वर्षांचे मूल जेथून निःशंक आत जाते, तेथेच एखाद्या डोंगरी गुड्यातील आठ वर्षांचे, त्याहून धीट आणि त्याहून समजूतदार मूल मागे फिरवले जाते. पट्टीने जात विचारली नाही हे खरे; पण जातीने, दारिद्र्याने आणि दुर्लक्षाने जे हाडांत लिहून ठेवले आहे तेच तिने वाचले. ती खोटे बोलली नाही, आणि तरीही तिच्या तोंडून एक जुना अन्याय नव्या, निरपराध भाषेत बोलून गेला.

मग काय करावे? पट्टी वाकवावी, दोन बोटे सूट द्यावी? ही करुणा घातक होय, कारण आसनाचा दांडा कुणाची कर्मकथा ऐकत नाही. सूट द्यावयाची ती पट्टीवर नव्हे, पट्टीच्या मागे, जेथे हात देता येतो तेथे द्यावयाची: गर्भवतीच्या ताटात, अंगणवाडीच्या खिचडीत, गुड्यापर्यंत पोहोचणाऱ्या नळात. पहिल्या कसोटीतूनच ही दुसरी निपजते. उणीव फाटकापाशी भरून निघत नसली तरी फाटकापर्यंतच्या वाटेवर ती भरून निघू शकत होती काय, हे थांबवणाऱ्या समाजाने स्वतःस विचारले पाहिजे. आणि उत्तर होकारार्थी असेल तर त्या मुलाचे रडणे हे त्याच्या लहानपणाचे नसून आपल्या थकबाकीचे आहे, असे मानले पाहिजे.

नागोबाच्या यात्रेत याचा एक धडा आहे. मेसराम कुळात नव्याने आलेल्या सुनांना ‘भेटिंग’ नावाच्या विधीत देवापुढे आणि कुळातील वडीलधाऱ्यांपुढे आणले जाते, आणि त्यानंतरच त्यांना देवाच्या पूजेचा पूर्ण अधिकार लाभतो. येथेही उंबरठा आहे, येथेही त्यापूर्वीचा निषेध आहे. परंतु तो ओलांडून देण्याची जबाबदारी त्या नवख्या मुलीवर टाकलेली नाही. जे कुळ तिला थांबवते तेच कुळ तिला हाती धरून आत आणते, आणि आणण्याचा काळही नेमून देते. निषेधाचा हक्क आणि प्रवेश घडवण्याचे कर्तव्य एकाच हाती असणे, हे मला कोणत्याही धर्मव्यवस्थेच्या आरोग्याचे लक्षण वाटते. आपल्या पीठांनी, पाठशाळांनी आणि सरकारी दप्तरांनी पात्रतेच्या पट्ट्या पुष्कळ रोवल्या. त्या प्रत्येकीशेजारी, न पोहोचलेल्याला पोहोचवण्यासाठी आम्ही यंदा काय केले, याचा ताळेबंद लावण्याची सक्ती असती, तर त्यांतील कितीतरी पट्ट्या रोवणाऱ्यांनीच लाजेने उपटून टाकल्या असत्या, आणि ज्या उरल्या असत्या त्यांच्यापुढे थांबण्यात कुणाचाही अपमान झाला नसता.