बेवारस ठेव

जुनी नाणी जमवणाऱ्याला पैशाचा लोभ असतो की नसतो? बँकेत नोटा मोजून मोजून मला एवढं कळलंय, की सरकतो तो पैसा आणि बसून राहते ती ठेव. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण मालकी सुटत नाही! वारसानं केव्हाही यावं आणि मागावी.

आता आमच्या बीडचं बघा. पहिल्या शतकात कुणा दर्यावर्दी व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस’ नावाची वही लिहिली. तिच्यात पैठण आहे, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आपलं तेर. नकाशा उघडा, दोहोंच्या मधे बीडच! बीड शहरात आगगाडी यायला २०२५ साल उजाडलं. बैलगाड्यांनी मात्र एवढा धीर धरला नसावा. त्यांतला माल भडोच बंदराला जाई, आणि तिथं म्हणे मिनँडर या ग्रीक राजाची जुनी चांदीची नाणी अजून चालत. हा मिनँडर म्हणजे ‘मिलिंदप्रश्ना’तला मिलिंद. त्याला जाऊन दोनेकशे वर्षं झालेली! आमच्याकडे नोटेचा कोपरा फाटला, तरी गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं.

असं एखादं जुनं नाणं नांगराला लागलं, तर ते कुणाचं? १८७८चा कायदा म्हणतो, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर कलेक्टरला कळवा. पंचाईत अशी, की नाणी जमवणाऱ्यालाही इंग्रजीत कलेक्टरच म्हणतात, आणि शेतकरी भलत्याच कलेक्टरकडे जातो!

तो नाणं वाचवतो, हे खरं. नाहीतर ते मुशीत वितळलं असतं. पण ते कुठल्या शेतात, किती खोल, कशाशेजारी सापडलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही, तर उरते ती खातेक्रमांक नसलेली पावती. डबीत शोभते, सांगत काही नाही.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतल्या वस्तू जमवल्या. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तेरमध्येच आहे. वस्तू गावात, मालकी सर्वांची.

कॅशियरच्या हातून रोज लाखो रुपये जातात, पण त्याला कुणी लखपती म्हणत नाही. त्याची अब्रू असते ती संध्याकाळी हिशेब जुळण्यात. संग्राहकानंही तेवढंच करावं. नाणं खुशाल सांभाळावं, मात्र नोंद चोख ठेवावी. कारण या ठेवीचे वारस अजून जन्माला यायचेत, आणि ते आले की त्यांना पासबुक दाखवावं लागेल.