ओसाड गाव, हिरवे माळरान



वाइटातून चांगले निपजले, तर मूळचे वाईट धुऊन निघते काय? नीतिशास्त्राच्या पुस्तकातला हा प्रश्न इंग्लंडमधील एका माळरानावर आजही उभा आहे.

सॉल्सबरी प्लेन हे ब्रिटनचे सर्वात मोठे लष्करी सराव क्षेत्र. १८९७ पासून लष्कराने तेथे जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. आज ते क्षेत्र सुमारे ३८ हजार हेक्टर आहे. जेथे तोफा धडधडतात आणि रणगाडे धावतात, तेथे गवताची काडीही उरणार नाही, असे आपल्याला वाटेल. घडले ते उलटेच. आजूबाजूचे माळ नांगराखाली गेले, त्यांवर रासायनिक खते पडली. लष्कराच्या हद्दीतले जुने गवताळ रान मात्र टिकले. रणगाड्यांच्या चाकोऱ्यांत पाणी साचते आणि त्यात फेअरी श्रिंप नावाचा कोळंबीसारखा चिमुकला जीव वाढतो. डबके आटले तरी त्याची अंडी चिखलात तग धरतात आणि रणगाड्यांच्या पट्ट्यांना चिकटून दुसऱ्या डबक्यात पोचतात! आपल्या माळढोकाचा भाऊबंद असलेला ग्रेट बस्टर्ड हा पक्षी १८३२ च्या सुमारास ब्रिटनमधून नाहीसा झाला होता. २००४ पासून तो याच माळावर पुन्हा सोडण्यात आला. या कामी निगराणीही लागते. गुरे चारून गवत राखावे लागते, झुडपे काढावी लागतात, प्राचीन अवशेषांपासून रणगाडे दूर ठेवावे लागतात.

याच माळाच्या मधोमध इंबर नावाचे गाव होते. १ नोव्हेंबर १९४३ रोजी गावकऱ्यांना बोलावून सांगण्यात आले, ४७ दिवसांत घरे सोडा. युरोपात उतरणाऱ्या अमेरिकन सैनिकांच्या सरावासाठी गाव हवे होते. हिटलरविरुद्धचे युद्ध चालू होते. सुमारे १५० माणसे निमूटपणे निघाली. युद्ध संपले की परतू, अशी त्यांची समजूत होती. गावचा लोहार हुकूम ऐकून ऐरणीवर डोके टेकून रडला, असे सांगतात. युद्ध संपले, पण गाव परत मिळाले नाही. १९६१ साली लोकांनी तेथे मोर्चा नेला, चौकशी झाली. निकाल लष्कराच्या बाजूने लागला. आज संत जाइल्सचे जुने चर्च उभे आहे आणि वर्षातून मोजकेच दिवस उघडते.

कोणी म्हणेल, गाव परतले असते तर हे रानही नांगरले गेले असते. कदाचित खरे असेल. परंतु येथे योसेफाची कथा आठवावी. भावांनी त्याला विकले, आणि त्यातूनच दुष्काळात सर्वांचे प्राण वाचले. योसेफाने त्याचे श्रेय देवाला दिले, भावांना नव्हे. वाइटातून चांगले काढणे ही देवाची करणी. ते स्वतःच्या जमेला मांडण्याचा हक्क वाईट करणाऱ्याला नाही. गाव घेताना कोणाच्या मनात पक्षी नव्हते की गवत नव्हते. न मागता आलेले फळ हे पुण्य ठरत नाही.

मग ते रान राखण्याला काही मोल नाही काय? आहे, आणि मोठे आहे. जे हाती आले ते सांभाळणे हे कर्तव्यच. पण ही दोन खाती वेगळी आहेत. सृष्टीच्या खात्यात भरलेली रक्कम शेजाऱ्याच्या खात्यातले कर्ज फेडत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात धरतीची आणि गरिबांची हाक एकत्रच ऐकायला सांगितले. एक ऐकून दुसरीला कान बंद करायला नव्हे.

आपल्याकडे रणगाडे नसतील, पण भावाचा वाटा दाबून त्यावर फुलवलेल्या बागा आहेत. बाग सुंदर असते, सावली खरी असते, पाखरेही खरी असतात. वाटाही तितकाच खरा असतो. बाग तोडावी असे आम्ही म्हणत नाही. आज घरी गेल्यावर आपण एवढेच स्वतःला विचारू या: आपल्या सावलीत कोणाचे घर होते? तो माणूस अजून हयात असेल, तर त्याच्या दारी जायला उशीर झालेला नाही.