विस्मृती कोणाची?

बेंगळूरच्या बनशंकरी मंदिरात मंगळवारी, शुक्रवारी व रविवारी राहुकाळात भाविकांची दाटी होते. लिंबू अर्धे कापून, पिळून, साल उलटवून तिच्या वाटीत ते तुपाचा दिवा लावतात. बदामीची बनशंकरी ही अनेक मराठी कुळांचीही कुलस्वामिनी असल्याने हे दृश्य त्यांनाही जवळचे वाटावे. त्या दिव्यात एक गोष्ट ध्यानी येते. वाटीत तूप असले तरी वातच खुंटली, तर ज्योत मंदावते.

मेंदूचेही काहीसे असेच आहे. शरीराच्या वजनात त्याचा वाटा अवघा २ टक्के. परंतु विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटाच वापरतो. ही ऊर्जा मुख्यतः रक्तातील ग्लुकोज या शर्करेपासून मिळते. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या व्याधीचे वर्णन केले, तीत मेंदूच्या पेशी व त्यांचे परस्परसंबंध हळूहळू नष्ट होतात आणि शर्करेचा विनियोग घटतो. म्हणून रुग्णास अधिक साखर खाऊ घालणे हा उपाय नव्हे. उणीव तुपाची नसून वातीची आहे.

पेट नावाच्या तपासणीत ही घट प्रथम बहुधा स्मृती व दिशाज्ञान यांच्याशी संबंधित भागांत दिसते. हालचालीचे भाग पुष्कळ काळ शाबूत राहतात. त्यामुळेच वृद्ध पिता खुटखुटीत चालतो, परंतु रोजच्या वाटेवर चुकतो. आधी हिशेब, औषधाच्या वेळा व प्रवास यांत घोटाळे होतात. पुढे स्नान व वस्त्रे नेसणेही दुष्कर होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंशाचे विकार आहेत, आणि अल्झायमर हे त्यांचे प्रमुख कारण होय.

अशा घरात कोणी म्हणतो, ‘हे पूर्वकर्माचे फळ.’ कोणी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्मृतिभ्रंशाकडे बोट दाखवितो. परंतु तेथील क्रम नीट पाहावा. विषयचिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून मोह, आणि मग स्मृतीचा भ्रंश. रोगाने आलेली विस्मृती या साखळीतील नव्हे. तिच्यात रुग्णाचा अपराध नाही.

मग ही साखळी त्या घरात कोठे आहे? वडिलांनी पाचव्यांदा तोच प्रश्न विचारला. ‘वडील पूर्वीसारखेच असावेत’ ही पुत्राची कामना. ती अडली, म्हणून क्रोध. आणि क्रोधाच्या भरात, ज्याने आपले शेकडो बालप्रश्न न कंटाळता ऐकले तोच हा पुरुष, याचा त्याला विसर पडला. वडिलांची विस्मृती व्याधीची आहे. पुत्राची विस्मृती मात्र गीतेने सांगितलेली आहे. पहिलीवर त्याचा अधिकार चालत नाही; दुसरीवर चालतो.

म्हणून प्रथम योग्य वैद्याकडून तपासणी करावी. कारण थायरॉइडची किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, तसेच औदासीन्य यांनीही विसराळूपणा येतो व तो पुष्कळदा उपचारांनी सुधारतो. अल्झायमरचे निदान झाल्यास घरातील वस्तूंच्या जागा बदलू नयेत. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. पूजेची फुले निवडण्यासारखे जे काम अजून जमते, ते काढून घेऊ नये. आणि सारा भार एकट्या सुनेवर वा पत्नीवर टाकून ‘आमच्या घरी सेवा चालते’ असे म्हणू नये. थकलेल्या मनात क्रोध लवकर शिरतो. सेवा वाटून घेणे हेही धर्माचरणच होय.

ज्याला स्वतःचे नाव आठवत नाही, त्याचे नाते आठवण्याचे कर्तव्य आता घरच्यांचे आहे. सहाव्यांदा प्रश्न येईल, तेव्हा पुत्राने पहिल्याच स्वरात उत्तर द्यावे.