साक्ष कोणाची?



खोट्या साक्षीविषयीची आठवी आज्ञा आपण सर्वांनी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली आहे. खोटे बोलायचे नाही, एवढाच तिचा अर्थ आपण सहसा घेतो. परंतु 'साक्ष' हा शब्द त्याहून मोठा आहे. ज्याने स्वतः पाहिले, ऐकले किंवा तपासले आणि जो विचारल्यावर पुढे येऊन "होय, हे मीच सांगितले" असे म्हणतो, तो साक्षीदार. एखादी गोष्ट खरी आहे की नाही हे ठाऊक नसताना ती ठामपणे सांगणारा या आज्ञेच्या कक्षेत येतो. पुरावा नसताना शेजाऱ्यावर ठपका ठेवणाराही त्याच कक्षेत येतो.

या आज्ञेची आज आठवण करण्याला एक निमित्त आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आता आपल्या घराघरांत पोहोचली आहे. मुलांचे प्रकल्प, वाढदिवसाच्या शुभेच्छा, शोकसंदेश, इतकेच काय पण मिस्सामधील विश्वासूंच्या प्रार्थनासुद्धा मोबाईलवर विचारून क्षणात तयार होतात. हे योग्य की अयोग्य? याबाबत नियम करायचा झाल्यास तो कोणी आणि कसा करावा? जगात काही समुदायांना हा प्रश्न आपल्या आधी सोडवावा लागला. त्यांच्या अनुभवातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

एका व्यासपीठाचा अनुभव

आपल्या धर्मग्रामातील जे तरुण-तरुणी सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करतात, त्यांना 'स्टॅक ओव्हरफ्लो' हे नाव नवीन नाही. २००८ साली इंटरनेटवर सुरू झालेले हे प्रश्नोत्तरांचे व्यासपीठ आहे. प्रोग्राम लिहिताना अडलेला माणूस तेथे प्रश्न मांडतो आणि जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातला जाणकार विनामूल्य उत्तर देतो. उत्तरांची पारख इतर सभासद करतात. शिस्त राखण्यासाठी सभासदांनी निवडून दिलेले मॉडरेटर असतात. तेही पगार घेत नाहीत. एका अर्थाने ही परस्परांच्या सेवेवर उभी राहिलेली एक वस्तीच आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले. अवघ्या पाच दिवसांत, ५ डिसेंबरला, या व्यासपीठाने त्याच्या साहाय्याने लिहिलेल्या उत्तरांवर तात्पुरती बंदी घातली. त्यामागचे कारण विचार करण्यासारखे आहे. यंत्राची उत्तरे बऱ्याचदा चुकत होती, पण दिसायला मात्र अगदी बरोबर वाटत होती. शिवाय ती तयार करायला काहीच कष्ट लागत नव्हते. टाकणाऱ्याचा एक मिनिट जायचा आणि तपासणाऱ्याचा तासभर. हजारो उत्तरे येऊ लागली आणि स्वेच्छेने सेवा करणारी माणसे त्या ओझ्याखाली दबून गेली.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो. यंत्राला आपण खोटारडे म्हणू शकत नाही, कारण खोटे बोलायला सत्य माहीत असावे लागते. अफाट मजकुरावरून शिकून, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत ते वाक्ये रचते. त्याने काही पाहिलेले नाही, काही भोगलेले नाही. म्हणून ते साक्षीदार होऊ शकत नाही. पण त्याचे उत्तर स्वतःच्या नावाने पुढे करणारा माणूस मात्र साक्ष देत असतो. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष!

संशयाचे पाप

बंदी तर झाली, पण उत्तर यंत्राचे की माणसाचे हे ओळखायचे कसे? त्यासाठी काही शोधयंत्रे बाजारात आली. ती कितपत विश्वासार्ह होती? २०२३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात शोधयंत्रे तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या यंत्रांनी 'कृत्रिम' ठरवले. साधे शब्द, साधी वाक्ये, एवढाच त्या मुलांचा अपराध! चॅटजीपीटी बनवणाऱ्या 'ओपनएआय' कंपनीनेसुद्धा आपले स्वतःचे शोधयंत्र अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. मराठी माध्यमात शिकून, शब्द जुळवत इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींवर असा शिक्का बसला तर त्यांना काय वाटेल, याची कल्पना आपण करू शकतो.

मे २०२३ च्या अखेरीस स्टॅक ओव्हरफ्लो चालवणाऱ्या कंपनीने मॉडरेटरांना सांगितले की, यंत्राने लिहिल्याच्या संशयावरून उत्तरे काढणे आणि सभासदांना निलंबित करणे थांबवा, कारण त्यात निरपराध माणसे भरडली जात आहेत. मॉडरेटरांचे म्हणणे वेगळे होते. आम्ही केवळ शोधयंत्रावर विसंबत नाही, अनुभवाने पारखतो. शिवाय आम्हाला खासगीत मिळालेली सूचना आणि जाहीर केलेले धोरण यांत फरक आहे, आणि आमच्याशी चर्चाही झालेली नाही. ५ जून २०२३ पासून अनेक मॉडरेटरांनी आणि सभासदांनी काम बंद ठेवले. ऑगस्टच्या सुरुवातीला वाटाघाटींतून तोडगा निघाला. कोणत्या लक्षणांवरून कारवाई करता येईल, हे दोन्ही बाजूंनी मिळून ठरवायचे मान्य झाले.

कोण बरोबर होते? माझ्या मते दोघांच्याही हातात आठव्या आज्ञेचा अर्धा अर्धा भाग होता. न तपासलेला शब्द शेजाऱ्याच्या हाती देऊ नये, असे मॉडरेटर म्हणत होते. पुराव्याशिवाय कोणाला दोषी ठरवू नये, असे कंपनी म्हणत होती. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात आठव्या आज्ञेच्या विवेचनात खोट्याबरोबरच उतावीळपणे केलेला न्यायनिवाडा हेही पाप म्हणून सांगितले आहे. दोन्ही अर्धे एकत्र आल्याशिवाय नियम न्याय्य होत नाही.

गहू, निदण आणि दानिएलचा प्रश्न

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील गहू आणि निदण यांचा दाखला आपल्याला परिचित आहे. नोकर निदण उपटायला उतावीळ झालेले असतात, पण त्यासोबत गहूही उपटला जाईल म्हणून धनी त्यांना थांबवतो. मग चुकीचे उत्तर तसेच राहू द्यायचे का? नाही. प्रभूचा दाखला माणसांविषयी आहे. चुकीचे वाक्य पुसण्यात कोणावर अन्याय नाही. ज्याने ते लिहिले त्याला लबाड ठरवून बाहेर काढताना मात्र हात थरथरला पाहिजे.

आणि पारख कशी करावी, हे दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नाच्या कथेत दिसते. दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी तिच्यावर आरोप केला आणि लोकांनी विश्वास ठेवला. तरुण दानिएलने दोघांना वेगवेगळे करून एकच प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली? उत्तरे जुळली नाहीत. दानिएल त्यांच्या चेहऱ्यावर किंवा भाषेच्या सफाईवर गेला नाही. पडताळून पाहता येईल अशी गोष्ट त्याने विचारली.

इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जो नियम स्वीकारला, तो काहीसा याच जातीचा आहे. यंत्राकडून लिहवून घेतलेला आणि कोणी न तपासलेला लेख तेथे आता लांबलचक चर्चेविना काढता येतो. पण त्यासाठी उघड खुणा लागतात. यंत्राने वापरणाऱ्याला उद्देशून म्हटलेले वाक्य लेखात तसेच राहून गेलेले असणे, किंवा संदर्भ म्हणून दिलेले पुस्तक मुळात अस्तित्वातच नसणे. 'भाषा यंत्रासारखी वाटते' एवढ्यावर भागत नाही. पुस्तक आहे की नाही, हे कोणीही तपासू शकतो.

नियम कोणी करावा?

विकिपीडियाची आणखी एक घटना सांगण्याजोगी आहे. जून २०२५ मध्ये तिची व्यवस्था पाहणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने लेखांच्या वर यंत्राने तयार केलेला सारांश दाखवण्याचा प्रयोग जाहीर केला. संपादकांनी तीव्र विरोध केला आणि प्रयोग थांबवावा लागला. ज्यांनी वर्षानुवर्षे विनामोबदला लेख लिहिले, दुरुस्त केले, त्यांना विश्वासात घेतल्यावाचून असा निर्णय टिकत नाही, हेच त्यातून दिसले.

आपल्या ख्रिस्तसभेला ही गोष्ट फार आधीपासून माहीत आहे. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधील तक्रार आहे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होत होते. बारा प्रेषितांनी बंद दाराआड हुकूम काढला नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले आणि सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत! ज्यांच्या घरची तक्रार होती, त्यांच्याच हाती कारभार सोपवला गेला. नियमाचे ओझे जो वाहणार, त्याला नियम करताना स्थान असावे, हा धडा तेथे आहे.

"तपासून वापरले तर?"

कोणी विचारेल, "मी यंत्राची मदत घेतली, पण प्रत्येक ओळ तपासली, तर माझे काय चुकले?" काहीही चुकले नाही. ख्रिस्तसभेने या साधनाला पाप म्हटलेले नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'अँटिक्वा एत नोव्हा' या दस्तऐवजात माणसाच्या बुद्धीची निर्मिती म्हणून तिचा आदर केला आहे. मात्र नैतिक जबाबदारी यंत्रावर टाकता येत नाही, ती माणसाचीच राहते, असे बजावलेही आहे. पोप लिओ चौदावे यांनी १० मे २०२५ रोजी कार्डिनलांशी बोलताना आपल्या नावाचे कारण सांगितले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्राद्वारे कामगारांचा प्रश्न हाती घेतला होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांच्यापुढे तसेच नवे आव्हान उभे आहे, असे ते म्हणाले.

तरीसुद्धा एखादा समुदाय सरसकट बंदी घालू शकतो का? निष्काळजी माणसामुळे काळजी घेणाऱ्यालाही अडवणे न्याय्य आहे का? मला वाटते, काही वेळा आहे. मांस खाणे मुळात पाप नाही, पण उपवासकाळातील शुक्रवारी ख्रिस्तसभेच्या नियमानुसार आपण ते सर्व जण मिळून टाळतो. सर्वांच्या हितासाठी योग्य गोष्टीवरही मर्यादा घालता येते. फक्त तो शिस्तीचा नियम आहे, हे सांगणाऱ्याने स्पष्ट सांगावे, आणि नियम मोडणाऱ्याला खोटारडा ही पदवी देण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

आपल्या अंगणात

हे सर्व आपल्याशी कसे निगडित आहे? समजा, सणाच्या निमित्ताने कोणी यंत्राला संत गोन्सालो गार्सियांचे चरित्र लिहायला सांगितले. आपल्या वसईचा हा सुपुत्र १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झाला आणि १८६२ मध्ये संतपदाला पोहोचला. यंत्राने त्यात एखादा न घडलेला चमत्कार सुंदर मराठीत घातला, आणि तो धर्मग्रामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला, तर पुढच्या वर्षी तोच कोणीतरी 'वाचलेली माहिती' म्हणून मुलांना सांगेल. संताविषयीची श्रद्धा वाढवण्याच्या नादात आपण त्याच्याविषयी खोटी साक्ष दिलेली असेल.

लहान भाषांना हा धोका अधिक आहे. ग्रीनलँडच्या भाषेतील विकिपीडियात ती भाषा न येणाऱ्यांनी यंत्राने भाषांतरित केलेले सदोष लेख भरले. भाषा जाणणारे तपासायला जवळजवळ नव्हतेच. अखेर २०२५ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला. मराठी त्या मानाने खूप मोठी भाषा आहे, पण आपल्या सामवेदी आणि वाडवळी बोलींचे काय? उद्या यंत्राने त्यांत काहीबाही लिहिले, तर चूक ओळखणारी माणसे आपल्याच घरातील आजी-आजोबा असतील. त्यांना विचारले पाहिजे.

म्हणून एक विनंती आहे. पॅरिश कौन्सिलने हा विषय चर्चेला घ्यावा आणि धर्मशिक्षक, गायकवृंद, युवक-युवती व वाचक मंडळी यांना आधी बोलावावे, कारण लिहिण्याचे काम तेच करतात. नियम मोठा नको. धर्मग्रामात फिरणाऱ्या प्रत्येक मजकुरामागे उत्तर द्यायला एक माणूस असावा. यंत्राची मदत घेतली असल्यास त्याने ती न लाजता सांगावी. आणि कोणाविषयी शंका आली, तर प्रभूने शिकवल्याप्रमाणे आधी त्या बंधूला किंवा भगिनीला एकांतात विचारावे. ग्रुपवर नाव घेऊ नये.

शोकाकुल घरी पाठवलेले दोन मोडकेतोडके शब्द त्या घराला पुरतात, कारण ते पाठवणारा त्या मयताला ओळखत असतो. यंत्र कोणाच्याही मयताला आलेले नाही. सत्याचा आत्मा आपल्या जिभेवर आणि आता आपल्या बोटांवरही राहो, हीच प्रार्थना.