समस्त श्रोते, मुक्काम पोस्ट आळे

‘गाढवापुढे वाचली गीता’ ही म्हण आमच्या गावातही चालते. मात्र तिच्यात गाढवाऐवजी रेडा घालायची सोय नाही. ज्ञानेश्वर माउलींनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले असं सांगतात, त्या रेड्याची समाधी आमच्या आळ्यात आहे. दुसऱ्या गावात मास्तरांनी पोराला ‘रेड्या’ म्हटलं तर तो अपमान होतो. आमच्याकडे पोरगं उलट विचारतं, “गुरुजी, वेद म्हणू का?”

आता आळेफाटा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, एसटी थांबते, माणूस चहा पितो आणि पुढे जातो. फाट्यावरून आत वळून गावात येणारे थोडे, आणि समाधीपर्यंत जाणारे त्याहून थोडे. शास्त्रीय संगीताचंही तसंच आहे. फाट्यावर चहा पिऊन गेलेले पुष्कळ.

रेडा वेद बोलला याचं सगळ्यांना नवल वाटतं. मला लहानपणापासून वेगळंच वाटत आलं आहे. बोलण्याआधी बिचाऱ्याने ते ऐकले असणार! पखाल वाहताना कुठल्या तरी वाड्याच्या भिंतीआडून, कळत नसताना, कुणी आग्रह केलेला नसताना. ही शंका मी एकदा कीर्तनाला आलेल्या बुवांना विचारली. बुवांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “तुम्ही आळ्याचेच का?” तो होकार समजावा की नकार, हे मला अजून उमगलेलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की मी आयुष्यात रेडिओकडे दोन तक्रारी केल्या. पहिली १९७२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी. तिचा मथितार्थ, शास्त्रीय संगीत फार झालं, कमी करा. दुसरी अडुसष्टाव्या वर्षी. तिचा मथितार्थ, शास्त्रीय संगीत फार कमी झालं, वाढवा. दोन्ही पत्रांखाली सही एकच होती – ‘समस्त श्रोते, मुक्काम पोस्ट आळे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे’. पहिल्या वेळी समस्त म्हणजे आम्ही चौघे मित्र होतो. दुसऱ्या वेळी समस्त म्हणजे मी एकटा. लोकशाहीत बहुमत असंच घटत जातं.

पहिल्या तक्रारीचं मूळ सेलमध्ये होतं. १९६८ साली कांद्याचे पैसे जरा बरे आले तेव्हा आबांनी ट्रान्झिस्टर आणला. भोकाभोकांच्या चामडी पिशवीत बसवलेला, ओट्यावरच्या खुंटीला टांगलेला. घरात त्याचा मान जावयाइतका होता, आणि खर्चही तसाच. सेल महाग. एकदा टाकले की ते महिनाभर पुरवायचे, असा आईचा नियम. बाजारभाव, बातम्या आणि शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम एवढ्यावर आईचा हिशेब बसत असे. पण शनिवारी रात्री आकाशवाणीवर राष्ट्रीय संगीत कार्यक्रम लागायचा. दीड तास! आबा ओट्यावर मांडी घालून बसत आणि शेवटपर्यंत ऐकत. शनिवारी बुवांनी सेल पिऊन टाकले, की बुधवारी आमच्या बिनाका गीतमालेच्या वेळी अमीन सयानी विहिरीच्या तळातून बोलू लागत. आधीच सिलोनचा आवाज समुद्र ओलांडून यायचा, लाटेसारखा पुढे यायचा नि मागे जायचा. त्यात सेल बसलेले. वरचा नंबर कुठल्या गाण्याचा, ते ऐन वेळी खर्रर्र. आम्ही सेल काढून पत्र्यावर उन्हात तापवत असू. तापलेला सेल दोन गाणी जास्त देतो, हे त्या काळचं आमचं विज्ञान.

बरं, आबांना गाण्यातलं काही कळत असतं तर आम्ही मुकाट्याने सोसलं असतं. आबांना यमन आणि भैरव यांतला फरक ठाऊक नव्हता. त्यांच्या लेखी गाण्याच्या दोनच अवस्था – ‘आता लागलं’ आणि ‘आता थांबंल’. मी एकदा चिडून विचारलं, “आबा, कळत नाही तर ऐकता कशाला?”

आबा म्हणाले, “आरं, यवढा घसा ताणून गातोय त्यो मानूस. कुणीतरी ऐकाय नको का?”

मला त्या वयात हे उत्तर अडाणीपणाचा कळस वाटलं. देशात कोट्यवधी माणसं, आणि दिल्लीतल्या गवयाची काळजी आळ्यातल्या कांदेवाल्याने करायची! म्हणून मी पत्र लिहिलं. केंद्राचं नाव सांगत नाही; त्यांची बाजू आता मला जास्त पटते. पत्र झकास होतं. ‘जनसामान्यांची अभिरुची’ हा शब्दप्रयोग त्यात तीनदा होता. आणि काय सांगू, एका संध्याकाळी पत्रोत्तराच्या कार्यक्रमात ते चक्क वाचलं गेलं. ‘आळे येथील समस्त श्रोते लिहितात…’ निवेदकाने सूचना संबंधितांकडे पाठवल्याचं गोड आवाजात सांगितलं. मी ओट्यावर छाती फुगवून उभा. आबा खाली जोडे काढत होते. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं,

“समस्तात मी बी आलो का रं?”

एवढंच. आवाज चढला नाही, रागही दिसला नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी खुंटीवरचा ट्रान्झिस्टर काढला आणि गोठ्यात नेला. “समस्तांना तरास नको,” म्हणाले. तेव्हापासून शनिवारचं गाणं गोठ्यात, बैलांच्या संगतीत होऊ लागलं. आम्ही पोरं हसलो. ‘रेड्याच्या गावात बैलांना संगीत’ असा विनोदही मी केला. तो गावात बराच चालला.

आता जरा आमच्याही बाजूने बोललं पाहिजे, कारण कुणाला गाणं बळेच ऐकवणं हा काही धर्म नव्हे. तो प्रयोग सरकारने करून पाहिलेला आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, विद्वान, शास्त्रीय संगीताचा कैवारी. देशाचा कान सुधारायचा त्यांनी चंग बांधला. राष्ट्रीय संगीत कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला, आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवरून हद्दपार झाल्यासारखीच झाली. देशाने काय केलं? कान तेवढा सिलोनकडे वळवला. बिनाका गीतमालाही १९५२ चीच! शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला स्वतःची विविध भारती काढावी लागली. पेटीचीही तीच गत. १९४० साली तिला रेडिओवरून बाहेर काढली, कारण काय तर तिच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही. बंदी तीसेक वर्षं टिकली. तेवढ्या काळात आमच्या देवळातल्या भजनाची पेटी एक दिवस बंद पडली नाही. फक्त तिचा एक सूर अडकायचा, तो मंत्र्यांमुळे नव्हे, झुरळांमुळे.

तेव्हा हुकमाने कान तयार होत नाही, हे सिद्ध झालं. मग कान मोकळा सोडला तर तो आपोआप रसिक होतो काय? याचंही उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते माझ्या विरुद्ध जातं.

काळ गेला. मला हळूहळू गाणं आवडू लागलं. शिक्षणासाठी पुण्यात होतो तेव्हा डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला मित्रांच्या नादाने गेलो, आधी थंडीत शेंगा खायला आणि मग गाणं ऐकायला. पुढे पन्नाशी ओलांडल्यावर तर मी चांगलाच तक्रारखोर रसिक झालो. बुवा द्रुतात शिरतात आणि तेवढ्यात वेळ संपल्याचं निवेदन होतं. रात्रीचा राग भल्या सकाळी. तंबोरा जुळतोय तोवर जाहिरात. मग मी दुसरं पत्र लिहिलं. उत्तर यायच्या आधी नातू म्हणाला, “आजोबा, पत्र काय लिहिता? आकाशवाणीची ‘रागम्’ नावाची वाहिनीच आहे शास्त्रीय संगीताची, २०१६ पासून. चोवीस तास. शिवाय फोनवर जगातलं सगळं गाणं आहे.” आणि त्याने ते मला दोन मिनिटांत लावून दिलं.

झालं! माझी तक्रार मुळासकट खणली गेली. जे मागितलं त्याच्या शंभरपट हातात. मी मारवा लावला. चार मिनिटांनी वाटलं, दुसऱ्या बुवांचा मारवा यापेक्षा चढलेला असावा. तो लावला. त्यावरून तिसरा. तिथे बाजूला भैरवीचं चित्र दिसलं. रात्री झोपताना हिशेब केला. दोन तासांत एकोणीस गाणी लावली आणि एकही ऐकलं नाही. मी जन्मभर समजत होतो की रेडिओ मला नीट ऐकू देत नाही. आता रेडिओ नाही, सेल नाहीत, आबा नाहीत; अडवणारं कुणी उरलेलं नाही, आणि तरी ऐकणं काही होत नाही. माझा कान बिघडलेला नव्हता. अंगठा बिघडला होता.

यावर कुणी म्हणेल, अहो, काळच घाईचा. पण घाई हे खरं कारण नव्हे. जुन्या तबकडीवर गाणं मावायचं ते तरी किती? तीनेक मिनिटं. गदगच्या भीमसेन जोशी नावाच्या शाळकरी पोराच्या कानावर अब्दुल करीम खाँसाहेबांची अशीच एक तबकडी पडली, दुकानात वाजत असलेली म्हणतात, आणि १९३३ साली त्याने गाणं शिकण्यासाठी घर सोडलं. तीन मिनिटं पुरली. पण ती तबकडी त्याने निवडलेली नव्हती, वाजवत होतं दुसरंच कुणी. रस्त्यात समोर आलेल्याला ते पोर थांबून सामोरं गेलं. मी निवडतो तेव्हा मला आधीच आवडणारं तेवढंच निवडतो. म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यातून मी माझंच ऐकत असतो. असल्या श्रोत्याला घर सोडावं लागण्याचा धोका नाही.

आमच्याच तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आभाळाकडे तोंड करून बसल्या आहेत. ती जागा निवडण्याचं एक कारण असं, की माणसाच्या रेडिओ-लहरींचा गोंगाट तिथे कमी आहे. म्हणजे ज्या खर्रर्रवर आम्ही बुधवारी चिडत होतो, तसल्याच बारीक आवाजातून तिथली शहाणी माणसं विश्वाची बातमी काढतात. दुर्बीण कुठे वळवायची हे ती ठरवतात. पण तिकडून काय यावं हे ठरवत नाहीत. आणि बातमी यायला उशीर लागला, म्हणून चौथ्या मिनिटाला दुसरा तारा लावून पाहत नाहीत.

मला वाटतं, आबा नेमकं हेच करत होते. केसकरांसारखं त्यांनी कुणावर लादलं नाही आणि माझ्यासारखं चाळलंही नाही. पाहुणा दारात आला तर आपण त्याला ‘तुमच्यापेक्षा बरा पाहुणा मिळतो का बघतो, तोवर उभे राहा’ असं म्हणत नाही. पाणी देतो, बसतो, त्याचं बोलणं पुरतं होऊ देतो. कीर्तनाचाही आपल्याकडे हाच रिवाज आहे. कळलं नाही तरी चालतं, डुलकी लागली तरी माउली समजून घेते. पण आरतीच्या आत मधूनच उठू नये. ऐकणं हे आवडीपुरतं नसून थोडं माणुसकीचंही असतं, एवढी साधी गोष्ट मला कळायला पन्नास वर्षं आणि दोन पत्रं लागली. ती हुकमाने कुणाला शिकवता येत नाही हे खरं. पण कुणी शिकवत असताना गोठ्यात जाऊन बसता येत होतं, तेही खरं. आबा त्यानंतर सतरा वर्षं जगले. तेवढ्यात शनिवार किती होतात ते कागदावर मांडून पाहिलं. आठशेच्या वर भरतात. त्यांतल्या एकाही शनिवारी मी गेलो नाही.

आता गोठ्यात बैल नाहीत, नातवाची मोटारसायकल असते. गव्हाण तेवढी शाबूत आहे. गेले काही शनिवार मी रात्री तिथे खुर्ची टाकतो. ट्रान्झिस्टरची ती चामडी पिशवी अजून आहे. तिच्यात फोन घालतो, वरचं बटण लावतो आणि पिशवी समोरच्या खुंटीला टांगतो. अंगठा पोचत नाही. आतून जे येईल ते येईल.

परवा नातू गाडी लावायला आला. भोकांतून कुणाचा तरी विलंबित ख्याल चालला होता.

“कोण गातंय आजोबा?”

“माहीत नाही.”

“राग कुठला?”

“लागेल अंदाज. अजून लागतोय.”

तो जरा उभा राहिला. मग गव्हाणीच्या कडेला टेकला. किती वेळ बसला ते मला सांगता येणार नाही, कारण मध्येच माझा डोळा लागला. पण आरती होईपर्यंत उठलो नाही, एवढं मात्र नोंदवून घ्यावं.

कळावे. आपले, समस्त श्रोते, मुक्काम पोस्ट आळे. या खेपेला समस्तात आबाही धरले आहेत.