एकच आंच, निरनिराळे दगड



ईयोबाचे तीन मित्र त्याच्या समाचारास आले, तेव्हां सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले. तेवढें त्यांनीं बरें केलें. पुढें ते बोलूं लागले आणि त्याच्या बाह्य स्थितीवरून त्याच्या अंतःकरणाचा निवाडा करूं लागले. म्हणून शेवटीं देवानें त्यांस दोष दिला. हा अपराध आपल्या मंडळ्यांतून अद्यापि घडतो. त्याविषयीं आज आपण दगडांपासून शिकूं.

आपल्या दख्खनचा काळा पाषाण ज्वालामुखीचा रस थिजून झाला, हें पुष्कळांस ठाऊक आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशांतील पुष्कळ दगडांची गोष्ट निराळी आहे. ते प्रथम समुद्रतळीं सांचलेला चिखल व वाळू असे होते. सुमारें ४७ कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या कवचाचे भाग एकमेकांवर आदळून तेथें पर्वत उभे राहिले. त्या वेळीं हे थर घड्या पडून खोल दडपले गेले. कांहीं तर सुमारें २० किलोमीटर खालीं गेले. तेथील उष्णतेनें व दाबानें बहुतेक दगड न वितळतांच पालटले.

१८९३ सालीं जॉर्ज बॅरो या भूगर्भशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, तेथील चिखलापासून झालेल्या दगडांत ठराविक क्रमानें नवीं खनिजें आढळतात. पुढें इतरांनीं हें काम वाढविलें. थोड्या आंचेंत क्लोराइट, मग काळें अभ्रक, मग गार्नेट नांवाचें तांबूस रत्न, त्यापुढें स्टॉरोलाइट व कायनाइट, आणि ६०० अंशांच्याही वर उष्णता गेली म्हणजे सिलिमनाइट. गार्नेट तर आंतून बाहेर थराथरानें वाढतें. त्याचा गाभा व कांठ यांतील द्रव्यांचें प्रमाण तपासून, तो दगड कसकसा तापत गेला हें विद्वान् लोक आज वाचूं शकतात.

आतां लक्ष द्या. गार्नेटाच्या दगडास लागूनच कित्येक ठिकाणीं निव्वळ वाळूपासून झालेला पांढुरका दगड असतो. त्यांत गार्नेट नाहीं, कायनाइटही नाहीं. अजाण मनुष्य म्हणेल, “ह्यास आंच लागलीच नाहीं!” परंतु दोघेही एकाच खोलीवर, एकाच उष्णतेंत होते. गार्नेट घडण्यास अल्युमिनियम व लोह यांसारखीं द्रव्यें लागतात. तीं चिखलांत होतीं, निव्वळ वाळूंत नव्हतीं. तथापि वाळूसही आंच लागली होती. त्या दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरला असतां तिचे कण नव्यानें वाढून एकमेकांत घट्ट गुंतलेले दिसतात. म्हणून आंच किती होती हें ठरवितांना शास्त्रज्ञ चिखलाचा दगड चिखलाच्याच दगडाशीं ताडून पाहतात, वाळूच्या दगडाशीं नव्हे.

मग आपण माणसें कशी ताडतों? एकाच सांथींत दोन घरचीं लेंकरें जातात. एक आई उपासनेंत उभी राहून साक्ष देते. दुसरी मागें मुकाट्यानें बसते, तिच्यानें गीतही म्हणवत नाहीं. मंडळी पहिलीस वाखाणते आणि दुसरीविषयीं कुजबुजते कीं, हिचा विश्वास खचला. बंधूंनो, ती अजून उपासनेस येऊन बसते, हें आपण पाहिलें काय? तिच्या अंतःकरणाचे कण कसे घट्ट धरून आहेत, हें पाहण्यास आपल्यापाशीं कोणतें यंत्र आहे?

बेथानी गांवीं लाजर मेला तेव्हां त्याच्या दोघी बहिणींवर एकच दुःख आलें. मार्था उठून प्रभूस सामोरी गेली आणि तिनें आपला विश्वास बोलून दाखविला. मरीया घरींच बसून राहिली. मागाहून आली ती त्याच्या पायां पडून रडली. प्रभूनें एकीशीं पुनरुत्थानाविषयीं भाषण केलें. दुसरीचें रडणें पाहून तो स्वतः रडला. एकीची दुसरीशीं तुलना त्यानें केली नाहीं.

आणखी एक गोष्ट. ते दगड डोंगराच्या पोटांत घडले, पण वरचा डोंगर झिजून जाईपर्यंत ते प्रकाशांत आले नाहींत, आणि झिजण्यास फार काळ लागला. यास्तव दुःखिताच्या दारीं जाऊन, “ही आंच तुझ्या बऱ्यासाठींच आहे,” असें सांगण्याची घाई करूं नका. देवानें त्यांत काय घडविलें तें तो आपल्या वेळीं उघड करील.

तर प्रियजनहो, मंडळींत जो कोणी दुःखांत गप्प झाला असेल, त्याच्या घरीं या आठवड्यांत जा. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस जसे बसले तसे त्याच्याजवळ बसा. आणि आठव्या दिवशीं त्यांनीं जें केलें तें करूं नका.